बैलतोंड्याचा कासरा

चिठ्ठी मुख्याध्यापक सरांनीच उचलली होती, त्यामुळे दोष द्यायला माणूस हाताशी होता. तालुक्याच्या बैठकीत प्रत्येक शाळेला एकेक देश वाटून दिला होता. त्या देशाच्या जुन्या कथा पोरांना सांगायच्या, त्यांच्याकडून चित्रं, मुखवटे, मातीकाम करून घ्यायचं आणि दसऱ्याच्या आधी गावाला बोलावून प्रदर्शन भरवायचं. कुणाला जपान आला, कुणाला इजिप्त. आमच्या चिठ्ठीवर निघालं ग्रीस. सरांनी ती माझ्या टेबलावर ठेवली, "चित्रकला तुमची, म्हंजी देश बी तुमचाच," म्हणाले आणि चहाला निघून गेले.

मी आठवीच्या वर्गात जाऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'ग्रीस' लिहिलं. मागून आवाज आला, "मॅडम, टायरगाडीच्या आसाला लावतेत ते?" वर्ग हसला नाही. त्यांना प्रश्न अगदी रास्त वाटला. आमच्या गावात कितीतरी घरांपुढे टायरची बैलगाडी उभी असते आणि दसरा जवळ आला की तिच्या आसात ग्रीस भरायचं काम पोरांकडेच असतं. मी सांगितलं, हा देश आहे, समुद्राकाठचा. "मग त्याला ग्रीस कावून म्हणतेत?" याचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं आणि आजही येत नाही.

मी स्वभावाने काळजीखोर आहे. सिरसाळ्याच्या घरून शाळेला स्कूटीवर निघाले की अर्ध्या वाटेत वाटतं, गॅस चालू राहिला. दोनदा परत जाऊन बघितलंय, दोन्ही वेळा बंद होता. पण त्या वर्षीची काळजी खरी होती. दसऱ्यानंतर आमचा वर्ग दात पडलेल्या तोंडासारखा दिसायला लागतो. आई-बाप ऊस तोडायला जातात, त्यांच्याबरोबर लेकरं जातात, आणि ती परत येतात तोवर शाळा संपत आलेली असते. हे सहा महिने शाळेतच राहता-जेवता यावं म्हणून आम्ही वसतिगृह चालवतो. पण त्यासाठी आई-बापांनी लेकरू मागे ठेवायला हवं, आणि मुलगी असली की ते पटकन तयार होत नाहीत.

आठवीत अशी एक मुलगी होती. बोलायची कमी. हजेरीलाही नुसता हात वर करायची. पण तिच्या हातात खडू दिला की तो कुठे थांबवायचा हे त्या हाताला आपोआप कळायचं. बैलाचं वशिंड, म्हशीची पाठ, वाकून खुरपणारी बाई, सगळं एका रेषेत. मी कलाशाळेत चार वर्षं घालवली, मला ती रेष आली नाही. सलग दोन वर्षं ती दिवाळीआधी निघून गेली होती आणि उन्हाळ्यात परत आली होती. मला माहीत होतं, तिसऱ्यांदा गेली की ती शाळेत परत यायची नाही. आमच्याकडे तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. पोरगी जरा अंगाने भरली आणि शाळेत दिसेनाशी झाली, की लोकांना तिच्यात अर्धा कोयता दिसायला लागतो आणि तिचं लग्न उरकलं जातं. माझ्या डोळ्यांदेखत अशा दोघी गेल्या होत्या. हिला जाऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण ठरवून काय करायचं असतं, हे मात्र मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

ग्रीसच्या कथा मी मोबाइलवर वाचून काढल्या. त्यातली नावं माझ्याच जिभेला वळेनात, पोरांच्या कुठून वळणार, म्हणून मी नावंच काढून टाकली. राजा, राजकन्या, परगावचा तरुण, एवढ्यावर भागवलं. मी निवडलेली गोष्ट अशी होती. एका बेटावरच्या राजाने एक भुलभुलैया बांधलेला असतो. त्यात अंग माणसाचं आणि डोकं बैलाचं असा एकजण कोंडलेला असतो. त्याच्या तोंडी द्यायला समुद्रापलीकडच्या गावाला ठरलेल्या सालात आपली पोरं-पोरी पाठवाव्या लागतात. एका खेपेला त्या गावचा एक तरुण स्वतःहून जातो. राजकन्या त्याला दोऱ्याचा गुंडा देते. दोरा सोडत तो आत शिरतो, बैलडोक्याला मारतो आणि त्याच दोऱ्याच्या आधाराने बाहेर येतो. मग पोरं जायची थांबतात.

मी गोष्ट मुद्दाम निवडली होती. दरसाली गावातून पोरं जातात आणि एक दिवस ती जायची थांबतात, हे या वर्गाला ऐकवावं, असं मला वाटत होतं. फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं. मग एकीने विचारलं, "न्यायला ट्रक येती का मॅडम?" मी म्हटलं, समुद्र आहे ना, जहाज येतं. त्यावर सगळ्यांनी मान डोलावली, म्हणजे जहाज हा ट्रकचाच प्रकार आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्या बोलक्या पोरीपलीकडे ती चित्रं काढणारी मुलगी बसली होती. ती कधी नव्हे ते बोलली. "बैल माणूस खात न्हाई मॅडम."

"हा अर्धा माणूस आहे ना गं."

"तोंड बैलाचं हाय म्हणलात की. बैलाच्या तोंडानं माणूस कसा खाईल?" आणि पुढे म्हणाली, "त्याला आत चारापाणी कोण करतं?"

मी सांगितलं, ते गोष्टीत नाहीये. ती म्हणाली, "मग मारंलच की तो. उपाशी ठिवल्यावर."

त्या दिवसापासून त्याचं नाव बैलतोंड्या पडलं आणि आमचं काम सुरू झालं. कुंभाराकडून तडा गेलेले माठ आणले. जुन्या ग्रीक मडक्यांवर तांबड्या अंगावर काळी चित्रं असतात. आम्ही माठाला गेरूचा हात दिला आणि चुलीवरच्या तव्यांची काजळी खरवडून डिंकाच्या पाण्यात कालवली. पोरांनी राजा काढला तो फेट्यात. जहाज काढायला सांगितलं तर त्याला ताडपत्री लावली, आणि मागे बसलेल्या बायकांच्या मांडीवर हंडे दिले. मी दुरुस्त करायला गेले आणि हात मागे घेतला. भुलभुलैयासाठी प्रत्येकाने घरून आईची एकेक जुनी साडी आणली. पटांगणात बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या, त्यावर साड्या टाकल्या, आणि अशा बोळी तयार झाल्या की पहिल्या दिवशी मीच आत अडकले. पोरं बाहेरून हसत होती.

बैलतोंड्याचं डोकं कागदाच्या लगद्याचं. रद्दी तीन दिवस भिजत घातली, कुटली, उंदरांनी खाऊ नये म्हणून त्यात मेथीचं पीठ मिसळलं, आणि जुन्या टोपलीवर थर चढवले. हे काम तिच्याकडे आपसूक गेलं. तिने एक शिंग नीट वर वळवलं आणि दुसरं खाली झुकवलं. मी म्हटलं, दोन्ही सारखी कर. ती म्हणाली, "अशीच अस्तेत." कपाळावर पांढरा टिळा काढला. सगळं वाळल्यावर पोरांनी पोळ्याला उरलेली बेगड आणून शिंगांना लावली, हिंगूळ फासला, गळ्यात गोंडे बांधले. ज्याला बघून गावाने थरथर कापायचं, तो नवरदेवासारखा सजून बसला.

मुख्याध्यापक सर बघायला आले तेव्हा मी त्यांना शेवटचा प्रसंग समजावून सांगत होते. लाकडी तलवार वगैरे. सरांचा चेहरा उतरला. "मॅडम, बैल मारायचा न्हाई."

"सर, गोष्टीत मारतात."

"गोष्ट तिकडची हाय, गाव आपलं हाय. कुणी मोबाइलवर शूटिंग केलं अन् खाली लिहिलं, शाळेत बैल मारायला शिकवतेत, तर तुमी अन् मी कुठं जायचं?" ते हळू आवाजात बोलत होते आणि त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी जास्तच घाबरले. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून तलवार अडगळीत टाकली, आणि आता गोष्ट संपवायची कशी, हा नवा घोर लागला.

तो तिनेच मिटवला. सरावाच्या वेळी मी तिला राजकन्या केलं आणि तिच्या हातात लोकरीचा गुंडा दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी घरून कासरा घेऊन आली. बैल हाकायचा तो खरा कासरा होता, वापरून काळा पडलेला, मध्ये एका जागी तुटून गाठ मारलेला. "दोऱ्यानं बैल येत न्हाई मॅडम. कासरा लागतो."

"अगं, बैल आणायचाच नाहीये. त्या तरुणाने बाहेर यायचंय, वाट चुकू नये म्हणून दोरा."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा मला कळलं की इतके दिवस या पोरांनी वेगळीच गोष्ट ऐकली होती. राजकन्या दोर देते म्हटल्यावर तो बैल बाहेर काढायलाच, याबद्दल त्यांच्यात कुणालाही शंका नव्हती. "मग बैल आतच ठिवायचा?" तिने विचारलं. ती माझ्यावर रागावली होती, हे मला तिच्या आवाजावरून समजलं.

मी गोष्ट बदलली. परगावच्या तरुणाला कामच उरलं नाही, त्याला आम्ही झाडामागे उभं केलं. राजकन्या चारा आणि कासरा घेऊन स्वतः आत जाणार आणि बैलतोंड्याला बाहेर आणणार. सर एकदम खूश झाले. मीही म्हटलं, चला, एक घोर मिटला.

दुसरा होताच. प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांनी गावात ट्रक लागणार होते. तिच्या वडिलांना एकदा शाळेत आणावं, पोरीचं काम डोळ्यांनी दाखवावं आणि मग विचारावं, असा माझा बेत होता. आमंत्रण द्यायला मी त्यांच्या घरी गेले. पत्र्याचं घर, पुढे लिंबाचं झाड, आणि झाडाखाली दोन बैल वेगवेगळे बांधलेले. त्यातला एक दिसला आणि मी जागीच थांबले. कपाळावर पांढरा टिळा, एक शिंग वर, एक खाली.

माझ्या स्कूटीचा आवाज ऐकून त्याने दाव्याला असा हिसका दिला की खुंटा हलला. माझी पाचावर धारण बसली. आतून ती धावत आली, त्याच्या गळ्याखाली हात घातला आणि तोंडाने काहीतरी बारीक आवाज करत राहिली. बैल उभा राहिला. तिचे वडील हसले. "भिऊ नका मॅडम. पर जवळ बी जाऊ नका."

मी वसतिगृहाचं बोलले. जेवण, झोपायची सोय, रात्री थांबणाऱ्या बाई, सगळं. ते शांतपणे ऐकत होते, त्यांनी पोरीला शिकवून काय करायचं असं काही म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मला बरं झालं असतं, त्यावर माझी उत्तरं तयार होती. ते म्हणाले, "ठिवली अस्ती हो मॅडम. पर हा तिच्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाई. वासरू होता तवापासून तिच्याच हाताखाली वाढला. तोडीवर ऊस वाहायला पहाटं गाडी जुपायची तर तिनंच जुपायची. गेल्या साली ती तापानं पडली, तर हिच्या आईनं जू ठिवाया बघितलं. मांडीला शिंग लागलं. आठ टाके."

"मग दुसरा बैल घेता येणार नाही का, भाऊ?"

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "घरचा हाय," म्हणाले.

परत येताना मी स्कूटी रस्त्याच्या कडेला लावून थोडा वेळ बसून राहिले. मी काय काय कल्पना केल्या होत्या. धाकटं भावंड सांभाळायचं असेल, लग्न ठरत असेल. दरसाली या मुलीला गावातून घेऊन जाणारा तो लिंबाखाली बांधलेला होता, आणि तिने त्याचंच डोकं तीन दिवस भिजवलेल्या कागदातून माझ्यासमोर घडवलं होतं. मला तिचं कौतुक वाटलं आणि माझी लाजही वाटली.

प्रदर्शनाला गाव लोटलं. माझा जीव सकाळपासून टांगणीला लागलेला. वाऱ्याने एक साडी उडाली, एका माठाला चिकटवलेला मातीचा कान निघाला, आणि दहा-बारा मोबाइल वर झालेले दिसत होते. तिचे वडील कंपाउंडच्या भिंतीला टेकून मागे उभे होते. ती हिरव्या गवताचं घमेलं आणि खांद्यावर कासरा घेऊन साड्यांच्या बोळीत शिरली. आतून बैलतोंड्या डरकाळ्या फोडत होता. वर्गातला सगळ्यात उंच पोरगा ते डोकं घालून होता आणि त्याला डरकाळी फोडायची एवढंच माहीत होतं. मग डरकाळ्या थांबल्या. आतून तिचा तो बारीक आवाज आला. सगळं पटांगण शांत झालं. शेवटच्या बोळीतून ती बाहेर आली, मागे बेगड लावलेली शिंगं हलत होती, आणि कासरा सैल होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर तर उभे राहून वाजवत होते. तिच्या वडिलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गर्दी पांगल्यावर ते एकटे साड्यांमधून फिरून आले. माठावरचं ताडपत्री लावलेलं जहाज वाकून पाहिलं. मग बैलतोंड्याच्या डोक्यापाशी आले आणि खाली झुकलेल्या शिंगावरून अंगठा फिरवला. "आमचाच हाय," म्हणाले. मी म्हटलं, हो. पोरगी पलीकडे साड्यांच्या घड्या घालत होती, तिला ऐकू जात नव्हतं.

"मॅडम, पुस्तकात असंच हाय का? बैल बाहेर येतो?"

मी खोटं बोलू शकले असते. हो म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मी म्हटलं, "नाही, भाऊ. मूळ गोष्टीत त्याला मारतात."

"अन् मग?"

"मग पोरं जायची थांबतात."

त्यांनी शिंगावरचा हात काढून घेतला. "त्याच्यापायीच जात व्हती ना ती पोरं," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो. त्याच्यापायीच."

हे बोलताना मला त्यांच्या लिंबाखालचा बैल आठवला नव्हता, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. आठवला होता. मला ती मुलगी हवी होती आणि माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.

दसरा झाला. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. शाळेला सुट्टी नव्हती, पण ती येत नव्हती. आवराआवर चालू असेल, असं वर्गातल्या पोरींनी सांगितलं. पुन्हा त्यांच्या घरी जावं असं दोनदा वाटलं, दोनदा स्कूटी काढली आणि परत लावली. गेले आणि ते नाही म्हणाले तर संपलंच. न गेले तर निदान नाही म्हटलेलं नव्हतं. सर म्हणाले, "मॅडम, तुमी केलं तेवढं बास झालं. जीवाला लावून घेऊ नका." मी लावून घेतलं होतं. एका तासाला सहावीच्या वर्गाला पान काढायला सांगितलं आणि तास संपेपर्यंत खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले. पोरांनी पानं काढून, रंगवून, वाळवून ठेवली होती.

मग ट्रक लागले. सकाळी मी गावात शिरले तर चौकात दोन ट्रक उभे, पोती, हंडे, शेळ्या, आणि फळ्या लावून बैल चढवणं चाललेलं. मी एकेक बैलाचं कपाळ बघत पुढे निघाले. पांढरा टिळा कुठे दिसेना. वाटलं, कालच गेले. शाळेच्या फाटकापर्यंत कशी आले ते आठवत नाही.

फाटकात ते उभे होते. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात वळकटी. शेजारी ती, केसांना तेल लावून, वेण्या घालून. "मॅडम, हिला ठिवून घ्या," ते म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला आधी नुसता आनंद झाला. इतका झाला की मी तिचे दोन्ही हात धरले. ते हात गार होते आणि तिने माझे धरले नाहीत. तरीही मला लगेच कळलं नाही. मी वडिलांना विचारलं, "आणि मग गाडीचं? त्याला कोण जुंपणार?"

"गाडी न्हाई आता. आमी दोघं टॅक्टरच्या टोळीत चाललो." ते पेटी खाली ठेवत बोलले. "एक बैल भावाकडं दिला. टिळ्याचा त्यो मातर इकला. सिरसाळ्याच्या बाजारात."

"कुणी घेतला?"

"घेतला एकानं. मारका बैल कशाला घेतो म्हणून म्या काय इचारलं न्हाई." मग माझी समजूत काढावी तसं म्हणाले, "तुमीच म्हणलात ना मॅडम. बैलच न्हाई म्हणल्यावर लेकरू न्हिऊन काय करू."

मला पोरीकडे बघवेना. सिरसाळ्याचा बाजार माझ्या घरापासून लांब नाही. बाजाराच्या दिवशी मी त्याच रस्त्याने आले होते, गॅसचा विचार करत. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिने मान हलवली, आणि ते चौकाकडे गेले. ती रडली नाही. मला वाटतं, ती घरून रडूनच आली होती.

मी तिला चित्रकलेच्या खोलीत नेलं. का नेलं, सांगता येणार नाही. तिला आवडणारी जागा होती म्हणून असेल, किंवा मला बोलायला दुसरी जागा सुचली नसेल. कपाटावर बैलतोंड्याचं डोकं होतं. मी ते काढून ठेवायला हवं होतं, पण ते डोक्यात आलंच नाही. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. खाली खिळ्याला तिचा कासरा लटकत होता. प्रदर्शनानंतर न्यायचा राहून गेला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी तो काढून तिच्यापुढे धरला. "हा तुमचा राहिला होता गं. घरी द्यायला हवा होता."

तिने तो घेतला. वेटोळं सोडलं, मधल्या गाठीपाशी थांबली, गाठ घट्ट आहे का ते ओढून बघितलं. मग कोपर आणि अंगठा यांच्यावर नीट गुंडाळून पुन्हा खिळ्याला अडकवला.

"असू द्या हितंच," ती म्हणाली. "पर पुढच्या साली गोष्ट केली तर तुमचा दोराच घ्या मॅडम. आपलं आपल्याला बाहेर यायला तेवढा पुरतो."

बाहेर जेवणाची घंटा झाली. तिने पेटीतून ताट काढलं आणि पोरींच्या ओळीत जाऊन उभी राहिली.